पोकळ आणि भरदार

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. उत्तर न दिलेली पत्रं माणसाच्या आयुष्यात कितीतरी असतात. विम्याच्या स्मरणपत्रांना आणि दूरच्या मेव्हण्याच्या चार ओळींना कोण उत्तरं देत बसतं? पण हे पत्र त्या जातीचं नव्हतं. दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना, काही कारण नसताना ते आठवायचं आणि हात तिथल्या तिथे थांबायचा. ते एका बाईचं होतं. रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर आलेलं. तिथे कोणीतरी लाल शाईने पत्ता खोडून त्याच्या घरचा घातला होता, कारण तोवर त्याला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. चौकटीचा कागद, आणि प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत बसवलेलं. 'मी सत्तावीस वर्षांपूर्वी आपल्याकडे निवेदकाच्या जागेसाठी आवाज चाचणी दिली होती. माझा उमेदवार क्रमांक सहा. निवड झाली नाही, त्याबद्दल तक्रार नाही. नंतर मी कापडगिरणीत मोजणी खात्यात नोकरी धरली. तिथे यंत्रांचा आवाज इतका असतो की कोणी कोणाशी बोलत नाही. ते मला बरं वाटलं. चार माणसांत मोठ्याने काही वाचायचं मी सोडून दिलं. गेल्या महिन्यात आमच्या मुकादमांच्या निरोपाला दोन शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली. बोलून खाली बसले तर शेजारची म्हणाली, अगं, इतका गोड आवाज इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होतास? मला ते खरं वाटेना. खोटंही वाटेना. समितीतल्या तिघांपैकी आता आपण एकटेच आहात असं केंद्रावरून कळलं, म्हणून विचारते. माझ्या आवाजात काय कमी होतं? जे असेल ते कळवावं. वाईट वाटणार नाही.' शेवटच्या वाक्यानंतरची पूर्णविरामाची टिकली तिने इतकी दाबून दिली होती की कागदाला मागून फोड आला होता. त्याने तो कितीदा बोटाने चाचपून पाहिला होता.

आज ते पत्र आठवलं त्याला मात्र कारण होतं, आणि ते कारण इतकं हास्यास्पद होतं की घरी गेल्यावर बायकोला सांगावं की नाही हे त्याला ठरवता येईना. मुलीच्या गाडीतला स्टिरिओ आठवड्यापूर्वी बंद पडला होता. मुलगी घरोघर जाऊन लोकांना व्यायाम शिकवते. गुडघे बदललेली, खांदे आखडलेली माणसं. दिवसातले चार तास तिचे गाडीत जातात. "कान तुमचा, गाडी माझी," ती म्हणाली होती, "चला ना बाबा बरोबर. नाहीतर तो दुकानदार काहीतरी माझ्या गळ्यात मारेल." "अगं, त्यातलं मला काय कळतंय?" तो म्हणाला. हे तो नेहमीच म्हणायचा आणि त्यावर समोरच्याने 'तुम्हाला नाही तर कुणाला' असं म्हणावं अशी एक लाजरी अपेक्षा त्यात दडलेली असायची. तीस वर्षं तो रेडिओवर माणसांचे आवाज ऐकून त्यांना घ्यायचं की नाही ते ठरवत आला होता. केंद्रावर त्याच्या पाठीमागे त्याला कानसेन म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्याने कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. बाकी कशाचीच त्याला खात्री नसे. व्याख्यानात प्रश्न विचारायला हात वर करायचा आणि अध्यक्षांनी पाहिलं की तोच हात डोकं खाजवायला न्यायचा. वाचलेल्या पुस्तकाबद्दल मत विचारलं तर आधी समोरच्याचं मत काढून घ्यायचा. पण कानाबद्दल त्याला शंका नव्हती. सगळ्या डळमळीत घरात ती एक खुर्ची पक्की होती, तिच्यावर तो निश्चिंत बसत आला होता. "भारी कान!" बायको म्हणायची, "दाराची घंटा तीनदा वाजली तरी पुस्तकातून मान वर होत नाही." त्यावर तो हसायचा. घंटा ऐकू येणं वेगळं आणि आवाज पारखणं वेगळं, हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

दुकान लांबट होतं, रबराच्या आणि तारा जोडायच्या तापलेल्या डागाच्या वासाचं. मागच्या दाराबाहेर गाडी उभी करायची जागा. मुलीच्या गाडीत दुकानदाराचा थोरला भाऊ शिरला होता आणि त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. दुकानाच्या एका भिंतीला काळी फळी होती. तिच्यात तीन स्टिरिओ ओळीने बसवलेले, खाली स्पीकरची एक जोडी, आणि मधे तीन गोल बटणं, प्रत्येकावर हिरवा दिवा. "हा आमचा डेमो बोर्ड," दुकानदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात नवऱ्या मुलीच्या बापाचा उत्साह होता. "हे दाबलं की हा वाजतो, ते दाबलं की तो. स्पीकर तेच, गाणं तेच, फरक फक्त डेकचा. असा बोर्ड या रस्त्याला दुसऱ्या कोणाकडे नाही, काका. बाकीचे नुसते खोके दाखवतात." पहिल्या डेकला जाड गोल नॉब होती आणि पडदा नव्हता. दुसरा म्हणजे नुसता पडदाच, जेवायच्या ताटाएवढा. त्यात रस्त्यांचा नकाशा, गाडी मागे घेताना मागचं दाखवणारा कॅमेरा, बेस आणि ट्रेबल वरखाली करायला रंगीत पट्ट्या. तिसरा दोघांच्या मधला. लहान पडदा, लहान नॉब. "गाणं नको," तो म्हणाला, "माणसाचं बोलणं लावा. गाण्यात पुष्कळ काही लपतं." दुकानदाराने मुलीकडे पाहून भुवया उंचावल्या. "काका जाणकार दिसतात." मुलगी म्हणाली, "अहो, रेडिओवरचे आहेत ते." त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. रेडिओवर एक बाई हवामान वाचत होती. त्याने खिशातून वही काढली, रेघा मारून रकाने पाडले, उंच स्टुलावर जरा पुढे सरकून बसला, आणि डोळे अर्धे मिटले. हे त्याचं जुनंच डोळे मिटणं होतं; तीस वर्षं काचेच्या अलीकडे बसून मिटलेले. पहिलं बटण. हिरवा दिवा. त्याने लिहिलं: खालच्या पट्टीत पोकळ, स आणि श टोचतात. दुसरं बटण. भरदार, मागे हलकी खरखर, पण भरदार. तिसरं. स्वच्छ, जरा कोरडा. पुन्हा पहिलं. हो, पोकळच. पुन्हा दुसरं. "काय म्हणता, काका?" "दुसऱ्यात अंग आहे," तो म्हणाला. "अगदी माझ्या मनातलं बोललात!" दुकानदाराने स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला. "मला तर इथे जाणवतं. पडद्यावर जाऊ नका, ताई, आवाजावर जा." मुलगी म्हणाली, "मला तिन्ही सारखेच वाटतायत बाई." "अगं, घाई करतेस. डोळे मिट आणि ऐक." तिने शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. बटणं दाबली गेली. "हं," ती शेवटी म्हणाली, "असेल. दुसरा जरा… असेल."

तेवढ्यात थोरला भाऊ गाडीतून निघून, मनगटाला तारांची भेंडोळी अडकवून आत आला आणि दारातच थांबला. "हे काय चाललंय?" "काका तीन डेक ताडून बघतायत." "कशाच्या जोरावर? बोर्डाच्या मागच्या तारा मी काल काढल्यात. आतला स्विच जळलाय म्हणून सांगितलं होतं ना तुला? सध्या कुठलंही बटण दाब, तिसराच वाजतो." दुकानदार बोर्डाकडे पाहत राहिला. "अण्णा, पण दिवे लागतायत की!" "दिव्याची तार वेगळी." फळीवरची बाई म्हणत होती की दुपारनंतर वारा मंदावेल. मग दुकानदाराने हळूच विचारलं, "मग मला छातीत काय जाणवत होतं रे?" "सकाळचे चार चहा," थोरला म्हणाला आणि मुलगी खो खो हसत सुटली. दुकानदारही हसला. तोही हसला, हसताना वहीवर आपोआप त्याचा हात आडवा पडला, जसा शाळेत शेजाऱ्याने बघू नये म्हणून पडतो. हाताखाली दोन शब्द होते. पोकळ. भरदार. त्याला ते शब्द आजचे वाटेनात. अक्षर त्याचंच होतं, पण ते दुसऱ्या कोणत्यातरी कागदावरून इथे चालत आल्यासारखं दिसत होतं; आणि कोणत्या कागदावरून, ते त्याला कळलं. त्या चाचणीत क्रमांक सहापुढे त्याने पोकळ लिहिलं होतं. आणि सातपुढे भरदार.

दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याचा अपमान झाला. तो स्टूल ओढून जवळ बसला. "मनाला लावून घेऊ नका, काका. आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. दोन डेक असतात ना, चांगल्यातले, ते जर अगदी एकाच आवाजावर आणून ठेवले तर गिऱ्हाईक गोंधळतं. कोणता चांगला ते त्याला सांगता येत नाही आणि तो घरी जातो विचार करायला. मग आम्ही काय करतो, जो खपवायचा तो केसभर मोठा ठेवतो. की लगेच म्हणतात, हा छान." "केसभर म्हणजे किती?" त्याने विचारलं. विचारताना स्वतःचा आवाज त्याला जाड कापडातून आल्यासारखा वाटला. "इतका थोडा की मोठा झालाय हे कळतच नाही. नुसता चांगला वाटतो." थोरला मागून म्हणाला, "झालं, सगळी गुपितं सांग आता. ताई, उद्या या. स्विच आणून तारा जोडून ठेवतो, मग खरं काय ते बघा." मुलीने गाडीची किल्ली घेतली. तो वही मिटून स्टुलावरून उतरला.

परतताना गाडीत जुन्या स्टिरिओच्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्यातून रंगीत तारा बाहेर लोंबत होत्या. मुलगी अजून मधूनमधून हसत होती. "त्या माणसाचा चेहरा बघितलात ना, बाबा? आणि माझी तरी काय गंमत! तुम्ही म्हणालात म्हणून मलाही ऐकू यायला लागलं." तो हो म्हणाला. भोकाकडे बघत तो बसला होता. त्याच्या डोक्यात एक पंखा फिरत होता. रेडिओ केंद्रावर ऐकण्याच्या खोलीत पंखा नेहमी बंद असायचा, कारण त्याची घरघर आवाजात मिसळते. काचेच्या पलीकडे पडदा, पडद्यामागे उमेदवार. दिसायचा नुसता क्रमांक, चेहरा नाही, म्हणजे कोणावर अन्याय व्हायला नको. त्या बाईची चाचणी झाली त्या दिवशी तेरा उमेदवार होते आणि विलक्षण उकाडा. समितीचे अध्यक्ष जाडजूड. त्यांनी रुमाल मानेवर टाकला होता आणि मधेच केव्हातरी ते म्हणाले, 'अहो, लावा तो पंखा, नाहीतर मलाच बाहेर न्यावं लागेल.' सगळे हसले. कोणीतरी उठून पंखा लावला. आणि इंजिनिअरने, कोणीही न सांगता, ऐकण्याच्या स्पीकरची कळ जराशी उजवीकडे फिरवली. पंख्यावरून ऐकू यावं म्हणून. केसभर. हे त्याने पाहिलं होतं. त्याला इंजिनिअरची दोन बोटं दिसत होती, एका नखाला निळी शाई. मग पुढचा उमेदवार बोलू लागला आणि अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवून मान डोलावली, आणि तोही डोळे मिटून म्हणाला, याच्यात अंग आहे. तो सात नंबर होता. पंधरा वर्षं त्या माणसाचा आवाज घराघरात होता. लोक स्वयंपाक करताना हातातलं टाकून ऐकत. भेटला की म्हणायचा, 'सर, तुमच्या कानाने मला वर काढलं.' आणि तो म्हणायचा, 'छे छे, मी कोण?'

पण पंखा खरंच सहा आणि सातच्या मधे लागला होता का? गाडी सिग्नलला थांबली आणि ही शंका सरळ त्याच्या अंगावर आली. चार नंबरनंतर लागला असेल तर सहाही पंख्यातच ऐकली गेली, मोठ्या आवाजात, आणि तरीही पोकळ वाटली. म्हणजे ती खरंच पोकळ होती. किंवा नऊनंतर लागला असेल. मग सात नंबर आपल्या गुणांवर भरदार होता. की आताच, त्या दुकानदाराचं ऐकून, आपण तो पंखा तिथे नेऊन लावतो आहोत? दिवा हिरवा होतो आणि माणसाला फरक ऐकू येतो. तसंच दुकानदाराने केसभर म्हटलं आणि आपल्याला दोन बोटं दिसली. निळी शाई तरी कुठून आली? ती तर केंद्राच्या लायब्ररीतल्या शिपायाच्या नखाला असायची. "बाबा, सिग्नल सुटला म्हणून मागचा हॉर्न देतोय, तुम्ही का दचकताय?" मुलगी म्हणाली.

घरी बायको पत्ते मांडून एकटीच खेळत बसली होती. "मग, घेतला का टेप?" तिच्या लेखी गाडीत वाजणारं ते सगळं टेपच होतं. "उद्या," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन कपाटावरची पत्र्याची पेटी काढू लागला. नोकरीत असताना तो दर वर्षी एक खिशातली डायरी ठेवायचा. समितीचे अभिप्राय गुप्त असत, कागद तिथेच जमा करावे लागत. पण रोज घरी आल्यावर तो आपले शब्द डायरीत उतरवायचा. आपल्याला ते शब्द आवडत म्हणून, हे त्याला आज इतक्या वर्षांनी उघडं दिसलं. डायरी सापडली. ती तारीखही सापडली. उभ्या ओळीत तेरा आकडे. '६ – पोकळ, खालच्या पट्टीत. ७ – भरदार. घ्यावा.' आणि पानाच्या तळाशी, तेराव्याच्या खाली, वेगळ्या उतरत्या अक्षरात दोन शब्द: 'उकाडा. पंखा.' बस. पंखा लागला, की पंखा बिघडला, की पंखा दुरुस्तीला सांगायचा? घरचा पंखा? त्या वर्षी त्यांनी नवीन पंखा घेतला होता. "आपण तो पिवळा पंखा कोणत्या वर्षी घेतला ग?" त्याने बाहेर ओरडून विचारलं. "कोणता? मुलीच्या तापात घेतलेला की भिशीतला?" "आधीचा." "मला काय माहीत! आत्ता कुठे पंख्याची आठवण झाली तुम्हाला?" तो दारात येऊन उभा राहिला, हातात डायरी. मग, सांगायचं नाही असं ठरलेलं असताना, त्याने तिला सगळं सांगितलं. बटणं, दिवे, सकाळचे चार चहा, आणि ते पत्रही, जे त्याने अकरा वर्षं तिला दाखवलं नव्हतं. तिने हातातला पत्ता खाली ठेवला नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं ती बाई वाट बघत बसली असेल?" "आता तेच म्हणतोय मी, काय लिहू तिला? पोकळ होता म्हणू? की उत्तम होता म्हणू?" "तुम्हाला काय आठवतं?" "शब्द आठवतात." "आणि आवाज?" त्याने तोंड उघडलं. सात नंबरचा आठवत होता, कारण तो पुढे हजारदा ऐकला होता. सहा नंबरचा आवाज त्याने आत शोधला. खूप आत गेला. तिथे पोकळ हा शब्द होता आणि त्याच्याभोवती काहीही नव्हतं. "नाही आठवत," तो म्हणाला. "मग तुमचं डोकं फिरलंय," बायको म्हणाली, "न आठवणाऱ्या आवाजाला नावं ठेवता." आणि तिने पत्ता लावला.

पूर्वीची तीन उत्तरं त्याच पेटीत होती. पहिलं अगदी सरकारी: समितीचे अभिप्राय गोपनीय असल्याने कळवता येत नाहीत याबद्दल दिलगीर आहे. दुसऱ्यात त्याने लिहिलं होतं, आपला आवाज उत्तम होता, केवळ जागा कमी होत्या; ते लिहून त्याला स्वतःची किळस आली होती, कारण त्या वेळी त्याच्या मते तो उत्तम नव्हता. तिसऱ्यात खरं लिहिलं होतं, म्हणजे तेव्हाचं खरं. खालच्या पट्टीत किंचित पोकळपणा जाणवला. ते पाकिटात घालून, तिकीट लावून, तो टपालपेटीपर्यंत जाऊन परत आला होता. वाईट वाटणार नाही असं जी बाई इतकं दाबून लिहिते, तिला वाईट वाटणारच. आपण दयाळू आहोत म्हणून टाकलं नाही, अशी त्याने अकरा वर्षं स्वतःची समजूत काढली होती. आता तिन्ही पत्रं मांडीवर घेऊन तो खाटेच्या कडेला बसला, आणि त्याला दिसलं की तिन्हींत लिहिणारा माणूस एकच आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. फक्त सांगायचं की नाही एवढाच त्याचा प्रश्न. त्या माणसाचा त्याला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले. निघताना त्याने बाईचं पत्र वहीत ठेवलं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बोर्ड दुरुस्त झाला होता. दुकानदाराने गंभीरपणे प्रत्येक बटण दाबून, मागे वाकून, थोरल्याला "आता नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मग थोरल्याने तिन्ही डेकचे आवाज एका लहानशा मीटरवर मोजून सारखे केले. "आता कोणी केसभरही पुढे नाही," तो म्हणाला. मुलीने वडिलांना बोर्डाकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः बटणं दाबू लागली. रेडिओवर आज कोणीतरी पुरुष बागकामाबद्दल बोलत होता. पहिलं. दुसरं. दुसरं. तिसरं. पहिलं. तो ऐकत होता. एकदा वाटलं, आता अंग आलं. लगेच वाटलं, की आणलं मी? वहीतले रकाने रिकामे. आत कुठेतरी जुना कानसेन शब्द पुढे करत होता, कोरडा, गोल, उजळ, जाड, घे यातला कुठलाही, आणि ते सगळे शब्द सारखेच खरे वाटत होते, म्हणजे सारखेच खोटे. "सांगा बाबा, आत्ताचा कोणता?" "सांगता येत नाही," तो म्हणाला. आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण थोरल्याने वळून पाहिलं. "काही फरक?" "असेल. मला सांगता येत नाही." त्याला वाटलं होतं, हे शब्द तोंडातून निघाले की काहीतरी कोसळेल. दुकानदार म्हणाला, "प्रामाणिक गिऱ्हाईक! अण्णा, अशी माणसं वाढली तर आपण बोर्ड विकून खाऊ." मुलीने पहिला डेक घेतला. फोन उचलायचं त्याचं बटण मोठं होतं आणि रस्त्यावरची नजर न काढता बोटाला सापडत होतं. "माझ्या म्हाताऱ्या पेशंटांचे फोन उचलता आले म्हणजे झालं," ती म्हणाली, "आवाज काय, सगळ्यांचा ऐकूच येतो."

बसवायला तासभर लागणार होता. मुलगी थोरल्याच्या डोक्यावर उभी राहून कोणती तार कशाची ते विचारत होती. तो दुकानाच्या मागच्या बाजूला एका स्टुलावर बसला, डेकचा रिकामा खोका गुडघ्यांवर आडवा घेतला, आणि त्यावर वही ठेवून लिहू लागला. हात थांबला नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. 'सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राला उत्तर द्यायला अकरा वर्षं लागली. आपण विचारलंत, आवाजात काय कमी होतं. त्या दिवशी मी आपल्या क्रमांकापुढे पोकळ असा शब्द लिहिला. तो शब्द मला आठवतो. आवाज आठवत नाही. आपल्या चाचणीच्या सुमारास खोलीत पंखा लावला गेला आणि स्पीकरचा आवाज थोडा मोठा झाला असं मला वाटतं. आपल्याआधी की नंतर, ते सांगता येत नाही. लगेच नंतर झाला असेल तर आपल्यावर अन्याय झाला. आधी झाला असेल तर कदाचित नाही. मी डायरी पाहिली, तीवरूनही कळत नाही. कमी काय होतं याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तेव्हाही नव्हतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, एवढाच फरक.' इथे तो थांबला. हे उत्तर झालं का? सत्तावीस वर्षं गिरणीच्या आवाजात गप्प बसलेल्या आणि वर अकरा वर्षं वाट पाहिलेल्या बाईला हे पुरेल? 'आपल्या शेजारी बसलेल्या बाईने आपला आवाज एका खोलीत, समोरासमोर ऐकला,' त्याने लिहिलं. 'तिचं म्हणणं माझ्या म्हणण्यापेक्षा खरं धरावं. का ते मला नीट मांडता येत नाही.' खाली सही केली. मग सहीखाली पुन्हा लिहिलं, 'मला क्षमा करा,' आणि ते खोडावं असं वाटलं, कारण कशाची क्षमा हे स्पष्ट होत नव्हतं. पण खोडलं नाही. बाईच्या पत्रावरून पत्ता उतरवला. ती तिथे राहत असेल का, गिरणी चालू असेल का, ती असेल का. त्याने मागितल्याबरोबर दुकानदाराने एक लांब पाकीट काढून दिलं. त्यावर त्याच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं आणि एक लहान स्पीकर. "चालेल ना, काका?" "चालेल," तो म्हणाला.

नवा डेक वाजत होता. तो चांगला वाजतो की वाईट, याकडे त्याने लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि मग लक्ष न देणं कसं असतं तेच त्याला आठवेना. पोस्टापाशी मुलीने गाडी थांबवली. "मी टाकू का?" "नको." तिकीट घेऊन, लावून, तो पेटीसमोर उभा राहिला. पेटीच्या तोंडाची पत्र्याची झडप गरम होती. पाकीट अर्धं आत गेलं आणि त्याला वाटलं, आधी आणि नंतर हे आपण उलटं तर लिहिलं नाही? पुन्हा वाचायला हवं. आधी मोठा झाला असेल तर… नंतर झाला असेल तर… मागून गर्दीतला एक माणूस म्हणाला, "आजोबा, टाकताय ना?" त्याने बोटं उघडली. रस्त्यावरून एक लॉरी गेली, गाडीतल्या रेडिओवरचा माणूस झाडांच्या मुळांबद्दल काहीतरी सांगत होता. तो कान देऊन उभा राहिला. मग गाडीत येऊन बसला.

"पडलं का आत?" मुलीने विचारलं.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला आणि उजवा तळवा उलटासुलटा करून पाहिला. "पण हातात नाही."